शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स: आधी कामांची यादी, मग पेनड्राइव्ह

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुठलाही संगणक बंद पडला नाही, त्यामुळे बहुतेक शाळांना काही घडल्याचं कळलंही नाही. थांबले ते सुरक्षेचे अपडेट. यापुढे विंडोज 10 मध्ये नवी त्रुटी सापडली तर ती आपोआप दुरुस्त होणार नाही. पैसे भरून मुदतवाढ मिळते, शाळांसाठी ती स्वस्तही आहे, पण शेवटी ती मुदतवाढच. विंडोज 11 वर जावं, तर त्याच्या अटी आड येतात: टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. दहा-बारा वर्षांपूर्वी योजनेतून किंवा देणगीतून आलेली लॅबमधली यंत्रं या अटीत बसत नाहीत.

मग उरतात तीन मार्ग. नवे संगणक घ्या, असेल तसं चालू ठेवा, नाहीतर त्याच यंत्रांवर लिनक्स टाका. पहिल्याला पैसे लागतात. दुसरा मार्ग बहुतेक शाळा न ठरवताच धरतात, आणि त्यात बऱ्याचदा मूळ विंडोजही गल्लीतल्या दुकानदाराने ‘फॉरमॅट मारून’ टाकलेली, परवान्याचा पत्ता नसलेली असते. तिसरा मार्ग फुकट आहे असं सांगितलं जातं. लिनक्सचा परवाना फुकट आहे हे खरं, पण माणसांच्या सवयी बदलायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणालातरी द्यावा लागतो. हा लेख त्या वेळेचा हिशेब नीट लावण्यासाठी आहे.

लिनक्स म्हणजे नेमकं काय

पडदा, कीबोर्ड, डिस्क, प्रिंटर या सगळ्यांना कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था संगणकात असते ती ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. खरं तर लिनक्स हे फक्त गाभ्याचं नाव. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने तो गाभा 1991 मध्ये लिहायला घेतला आणि पुढे सगळ्यांसाठी खुला केला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये तोच गाभा आहे, तेव्हा ‘आम्हाला लिनक्स जमणार नाही’ म्हणणारे सर दिवसभर लिनक्सच वापरत असतात.

गोंधळ होतो तो नावांचा. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही सगळी लिनक्सच, मग फरक काय? एसटी आठवा. चॅसिस टाटाची किंवा अशोक लेलँडची येते आणि दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत तिच्यावर बॉडी बांधली जाते. तसा लिनक्सचा गाभा एकच असतो आणि त्यावर खिडक्या, मेन्यू, ऑफिस, ब्राउझर असं सगळं चढवून वेगवेगळे गट आपापली तयार गाडी देतात. या तयार गाडीला डिस्ट्रिब्युशन, थोडक्यात ‘डिस्ट्रो’ म्हणतात.

शाळेसाठी कुठली? माझं मत सरळ आहे: लिनक्स मिंट. खाली डावीकडे मेन्यूचं बटण, खाली पट्टी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ, म्हणजे विंडोजची सवय असलेल्या माणसाचा हात आपोआप योग्य जागी जातो. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्याला कमीत कमी 2 जीबी रॅम लागते, 4 जीबी असेल तर काम सुखाने होतं. अगदी अशक्त यंत्र असेल तर मिंटचीच एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्यावी. अनुभवी मंडळी दहा डिस्ट्रोंची नावं सुचवतील, त्यांच्या वादात शाळेने पडू नये. सगळ्या यंत्रांवर एकच डिस्ट्रो, एकच आवृत्ती, एकच वॉलपेपर, एवढं पाळलं की निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

आणि जुन्या यंत्राचा वेग खऱ्या अर्थाने वाढवायचा असेल तर फिरणारी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवा. लिनक्स टाकल्याने जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक बऱ्याचदा या एका बदलाने पडतो. लिनक्सच्या प्रेमात असलेल्यांना हे ऐकायला आवडत नाही.

कामांची यादी

शाळेत खरं तर कुणीच ‘विंडोज’ वापरत नसतं. मुलं चित्रं काढतात, टायपिंग करतात, स्क्रॅचमध्ये खेळ बनवतात. शिक्षक प्रश्नपत्रिका तयार करतात, दीक्षा किंवा यूट्यूबवरचा व्हिडिओ प्रोजेक्टरवर दाखवतात, बालभारतीची पीडीएफ उघडतात. कार्यालयात क्लार्क बोनाफाइड आणि शाळा सोडल्याचा दाखला छापतात, यूडायस प्लस, सरल, शालार्थ या सरकारी पोर्टलांवर माहिती भरतात, पत्रव्यवहार करतात. बदल पचवायचा असेल तर आधी एक वही घेऊन तीनही ठिकाणी बसावं आणि कोण काय करतं, कुठल्या प्रोग्रॅममध्ये करतं, कुठल्या प्रिंटरवर छापतं हे लिहून काढावं. ‘संगणकावर काय काय करता?’ असं विचारलं तर ‘सगळंच’ असं उत्तर येतं. प्रत्यक्ष काम चालू असताना शेजारी बसलं की खरी यादी मिळते.

ही यादी पाहिल्यावर बहुतेक शाळांत एकच चित्र दिसतं. मुलांचं जवळजवळ सगळं काम लिनक्सवर जसंच्या तसं होतं. स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालतं, टक्स पेंट आणि जीकॉम्प्री लहान मुलांसाठी उत्तम आहेत, जिओजेब्रा आहे, टायपिंग शिकायला प्रोग्रॅम आहेत. शिक्षकांचं ऐंशी टक्के काम होतं आणि उरलेल्यासाठी थोडी समजूत काढावी लागते. खरी अडचण कार्यालयात आहे. हिशेबासाठी टॅली असेल तर ती विंडोजवरच चालते. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचा लिनक्सवर भरवसा धरता येत नाही. जुन्या फाइली श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतात. म्हणून क्रम ठरवा: आधी मुलांची लॅब, मग शिक्षकांचे संगणक, कार्यालय सगळ्यात शेवटी. आणि कार्यालयात एक विंडोज यंत्र राहिलं तर राहू द्या. त्याने कुणाचा पराभव होत नाही.

विंडोज असतानाच प्रोग्रॅम बदला

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शुक्रवारी वर्ड आणि विंडोज होतं, सोमवारी दोन्ही गायब. माणसाला दोन गोष्टी एकदम बदललेल्या दिसल्या की तो दोन्हींचा राग लिनक्सवर काढतो.

त्यापेक्षा दोन-तीन महिने आधी, विंडोजवरच, लिबरऑफिस टाका, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणारा फुकट संच. व्हिडिओसाठी व्हीएलसी टाका, फायरफॉक्स टाका. हे सगळे विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवर हुबेहूब तसेच दिसतात. शिक्षक लिबरऑफिसला सरावले की त्याखालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी त्यांच्या दृष्टीने फारसं काही घडत नाही.

लिबरऑफिस देताना तीन गोष्टी आधीच करून द्या. पहिली, ‘व्ह्यू’मधल्या ‘युझर इंटरफेस’मध्ये जाऊन ‘टॅब्ड’ निवडा, म्हणजे वरची पट्टी नव्या वर्डसारखी दिसते. दुसरी, फाइल आपोआप वर्डच्या डॉक्स (docx) स्वरूपात सेव्ह होईल अशी सेटिंग करा. लिबरऑफिसचं स्वतःचं ओडीटी हे खुलं स्वरूप जास्त चांगलं आहे, पण मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांना ओडीटी पाठवली आणि ती त्यांच्या फोनवर उघडली नाही, तर त्या दिवशी तुमचा प्रकल्प संपला. तिसरी, बाहेर पाठवायचा आणि कुणी दुरुस्त करायचा नसलेला प्रत्येक कागद पीडीएफ करून पाठवायची सवय लावा. त्याचं बटण वरच्या पट्टीतच आहे.

एक्सेलचा एक खास प्रश्न आपल्याकडे आहे. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाची, निकालपत्रकाची तयार एक्सेल शीट व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरत असते. कुणा हुशार शिक्षकाने ती मेहनतीने बनवलेली असते, तिच्यात मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या असतात आणि त्यांना पासवर्डचं कुलूप असतं. साधी सूत्रं लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये बिनघोर चालतात. मॅक्रो मात्र कधी चालतात, कधी अर्धवट चालतात. निकालाच्या आदल्या रात्री हे कळण्यापेक्षा आधीच त्या शीटमध्ये पाच मुलांचे गुण भरून बघा. नाही चाललं तर ती शीट कार्यालयातल्या विंडोज यंत्रासाठी राखून ठेवा.

मराठीचं काय

इथे जरा थांबायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या शाळांत लिनक्सचं गाडं बहुतेक वेळा याच ठिकाणी अडतं.

मराठी फाइली दोन प्रकारच्या असतात. एक युनिकोड, ज्यात ‘क’ हा संगणकाच्या लेखी खरोखर ‘क’ असतो. अशी फाइल कुठेही उघडते. दुसरा प्रकार कृतिदेव, श्री-लिपी, डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फॉन्टचा. त्यात संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी आकार चढवतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अशी फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोक म्हणतात, ‘लिनक्समध्ये मराठी दिसत नाही.’ फॉन्ट नसेल तर विंडोजवरही असंच दिसतं. लिनक्सवरही हे फॉन्ट विंडोजसारखेच बसवता येतात: फाइलवर दोनदा क्लिक करा, ‘इन्स्टॉल’ म्हणा. जुनी फाइल लगेच वाचता येते.

कृतिदेवमध्ये टाइपही करता येतं, कारण ते मुळात इंग्रजी कीबोर्डवरच चालतं. पण दोन खड्डे आहेत. ऑल्ट दाबून आकडे मारून काढायची जी जोडाक्षरं क्लार्कच्या बोटांत बसलेली असतात, ती युक्ती लिनक्सवर चालत नाही. आणि लिबरऑफिसची ‘ऑटोकरेक्ट’ सोय वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करते, त्यामुळे कृतिदेवमधलं अक्षरच बदलतं. ती सोय बंद करून द्यावी. श्री-लिपीला मात्र तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं, ते विंडोजचं आहे, त्यामुळे नव्या मजकुरासाठी तिचा नाद लिनक्सवर सोडून द्यावा लागतो.

दूरचा विचार केला तर उपाय एकच, युनिकोड. दाखल्याचा नमुना, बोनाफाइड, पालकसभेची सूचना असे सारखे लागणारे पंधरा-वीस नमुने एकदाच युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्या. शेकडो जुन्या फाइली रूपांतरित करत बसू नका, त्या पुन्हा उघडल्या जात नाहीत. रूपांतर करायची वेळ आलीच तर कन्व्हर्टर वापरून झाल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्या’ ही तीन ठिकाणं डोळ्यांनी तपासा. चुका नेमक्या तिथे होतात, आणि दाखल्यात आडनाव चुकलं तर पालक वर्षभर हेलपाटे घालतात.

फॉन्ट कुठला? विंडोजवर सवयीने मंगल वापरला जातो, तो लिनक्ससोबत येत नाही. फाइल उघडते, पण दुसरा फॉन्ट लागल्यामुळे ओळी सरकतात आणि एका पानाची प्रश्नपत्रिका दीड पानाची होते. म्हणून शाळेचा एक ठरलेला मुक्त फॉन्ट असावा, जो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर बसवता येईल. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला ‘मुक्त’ किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही विनामूल्य आणि वाचायला स्वच्छ आहेत. इंग्रजीसाठी कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन सेरिफ वापरले की अक्षरांची रुंदी तीच राहते, ओळी हलत नाहीत.

लिबरऑफिसमधली एक खुबी न कळल्याने लोक हैराण होतात. ते इंग्रजीसाठी वेगळा आणि देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट लक्षात ठेवतं. त्यामुळे एकाच परिच्छेदात मराठी 12 आणि इंग्रजी 14 अशी गंमत होते. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून दोन्हींचे फॉन्ट आणि आकार एकदाच ठरवून द्या.

टायपिंगसाठी मिंटमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी जोडता येतं, इन्स्क्रिप्टही आणि उच्चारानुसार चालणारंही. मुलांना पहिल्यापासून इन्स्क्रिप्ट शिकवा असा माझा आग्रह आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची मांडणी मुलं आठवड्याभरात उचलतात, आणि तीच मांडणी विंडोजवरही असते. मोठ्यांना ते नको असतं, त्यांना ‘नमस्कार’ इंग्रजी अक्षरांत मारून मराठी उमटायला हवं असतं. त्यांना उच्चारानुसार चालणारा पर्याय द्या, वाद घालू नका. ज्यांना टायपिंगच नको त्यांच्यासाठी क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे, ती लिनक्सवरही चालते. एका मायक्रोफोनची व्यवस्था करा, ज्येष्ठ बाई तुमच्या बाजूने होतील.

प्रिंटर

लिनक्सवर जायचा निर्णय घेण्यापूर्वी शाळेचा प्रिंटर कुठला हे बघा. एप्सनचे शाईच्या टाकीवाले प्रिंटर सहसा त्रास देत नाहीत. एचपीच्या बहुतेक प्रिंटरसाठी एचपीचंच मुक्त सॉफ्टवेअर आहे. पण आपल्याकडे घराघरांत आणि शाळाशाळांत दिसणारा लेझरजेट 1020 याला त्यासोबत एक जास्तीचं प्लगइन इंटरनेटवरून उतरवावं लागतं, ते विसरलं की प्रिंटर यादीत दिसतो आणि कागद मात्र येत नाही. खरा हट्टी म्हणजे कॅननचा एलबीपी 2900. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीवरच चालतो. लिनक्सवर तो चालवता येतो, पण त्यासाठी बरीच खटपट लागते, आणि दर नव्या आवृत्तीला पुन्हा लागू शकते. असा प्रिंटर असेल तर तो विंडोज यंत्रालाच जोडून ठेवा आणि बाकीच्यांनी पीडीएफ तिकडे पाठवावी.

बघायचं, मग टाकायचं

लिनक्सची एक सोय अनेकांना माहीत नसते. पेनड्राइव्हवरून ते थेट चालवता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. रुफस किंवा व्हेंटॉयने असा पेनड्राइव्ह तयार करा, संगणक सुरू होताना एफ 12, एफ 9 किंवा एस्केप दाबून त्यावरून सुरू करा. मग आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रोजेक्टर दिसतो का, प्रिंटर छापतो का, हे सगळं तपासा. यूएसबीचे स्वस्त वायफाय डोंगल कधी कधी ओळखले जात नाहीत, ते इथेच कळतं.

सुरुवातीला विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवायची इच्छा होते. शिक्षकांच्या यंत्रांवर पहिल्या वर्षी तसं करायला हरकत नाही, पण आधी बॅकअप घ्या. बॅकअप म्हणजे दुसऱ्या डिस्कवर घेतलेली प्रत. त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत बॅकअप होत नाही. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर बंद करा, विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि लिनक्समधून त्या भागातल्या फाइली फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत. शेजारी-शेजारी ठेवल्यावर बऱ्याचदा आणखी एक चमत्कार होतो: विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जातं. यंत्रात भूत शिरलेलं नसतं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि भारताची वेळ साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की झालं.

लॅबच्या यंत्रांवर मात्र दोन्ही ठेवू नका. मुलं विंडोज निवडतील, गेम टाकतील आणि सहा महिन्यांनी तुम्ही जिथे होतात तिथेच असाल.

एक यंत्र पूर्ण मनासारखं तयार करा. मग क्लोनझिला वापरून त्याची प्रत बाकीच्या यंत्रांवर उतरवा. मिंटमध्ये लॉगिनच्या सेटिंगमध्ये ‘गेस्ट’ चालू करता येतं. मूल पाहुणा म्हणून शिरतं, हवा तो पसारा करतं, बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं, आणि पुढच्या वर्गाला यंत्र कोरं मिळतं. जे ठेवायचं ते पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर. टाइमशिफ्ट नावाची सोय सिस्टीमच्या जुन्या अवस्थेच्या प्रती ठेवते, काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत जाता येतं. मुलांच्या फाइली मात्र ती सांभाळत नाही. आणि शिक्षकांना सगळ्यांचे पडदे एका जागी बघायचे असतील, सगळ्यांना आपला पडदा दाखवायचा असेल तर वेयॉन बघा. ते मुक्त आहे आणि विंडोजवरही चालतं.

पहिल्या आठवड्यात येणारे प्रश्न

‘सी ड्राइव्ह कुठे गेला?’ हा पहिला. लिनक्समध्ये सी, डी नसतात. प्रत्येकाचं एक ‘होम’ असतं, त्यात डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स वगैरे. एवढं सांगून थांबा, बाकीची झाडासारखी रचना पहिल्या आठवड्यात कुणाला सांगू नका.

‘सेटअप चालत नाही’ हा दुसरा. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर थेट चालत नाहीत. नवं काही हवं असेल तर ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडायचा आणि तिथून घ्यायचं, फोनवर प्ले स्टोअरमधून घेतो तसं. शाळेत तर हे वरदानच आहे, कारण ज्याच्या त्याच्या पेनड्राइव्हमधून येणारे प्रोग्रॅम बंद होतात.

पेनड्राइव्हवरून आठवलं. सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात, मूळ फोल्डर गायब होतात, असा व्हायरस प्रत्येक शाळेने भोगलेला आहे. लिनक्सवर तो चालत नाही. उलट लपवलेले मूळ फोल्डर तिथे सरळ दिसतात, आणि शॉर्टकट पुसून टाकता येतात. एखाद्या सरांचा असा पेनड्राइव्ह सगळ्यांसमोर वाचवून दाखवा. तासाभराच्या व्याख्यानाने जे होत नाही ते यातून होतं. मात्र त्या पेनड्राइव्हमधला व्हायरस न पुसता तो पुन्हा विंडोजला लावला, तर तिकडे तो जिवंत होतो हेही सांगा.

तिसरा प्रश्न साइट न उघडण्याचा. जुन्या यंत्रातला मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाते आणि ब्राउझर ‘ही साइट सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. दोष लिनक्सला मिळतो. सीआर 2032 नावाचा सेल बदला.

मदतीसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे धडे आहेत, लिनक्स आणि लिबरऑफिसचे, त्यातले अनेक मराठीत. शिक्षकांना एकेक धडा बघून तो समोर करून बघायला सांगता येतं.

हे आधी कुणी केलंय का

केरळने केलंय, आणि आपल्याला शिकायचं असेल तर तिथूनच शिकावं. तिथे 2001 मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, विशिष्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरवर शिक्षण बांधायला शिक्षक संघटनांनी विरोध केला, आणि हळूहळू सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या. आज त्या प्रकल्पाचं नाव काइट आहे आणि तो उबुंटूवर आधारित स्वतःची डिस्ट्रो शाळांना देतो. 2019 मध्ये दोन लाखांहून अधिक संगणकांवर ती बसवण्याची घोषणा झाली आणि त्यातून परवान्यांचे 3000 कोटी रुपये वाचतात असा सरकारचा दावा होता. आकडा बाजूला ठेवला तरी पद्धत बघण्यासारखी आहे. पाठ्यपुस्तक त्याच डिस्ट्रोवर बेतलेलं, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावर, आणि शिक्षकांना शिकवणारे शिक्षकच. लिनक्स तिथे टिकलं ते या तीन गोष्टींमुळे.

उलट उदाहरण जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेचं. त्यांनी 2003 मध्ये निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे 15 हजार संगणक लिनक्सवर नेले आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. राजकारणही होतं, पण बाहेरच्या कार्यालयांशी कागदांची देवाणघेवाण आणि विंडोजवरच चालणारे खास प्रोग्रॅम या अडचणी शेवटपर्यंत राहिल्या. आपल्या शाळेचं कार्यालय शेवटी ठेवा असं वर म्हटलं ते याचसाठी.

आपल्याकडेही काहीच झालं नाही असं नाही. गोव्यात 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स टाकून शाळांना देण्याचा उपक्रम झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावरच्या शाळेत 2007 मध्ये मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले, त्यात लिनक्सच होतं. आधी विंडोज पाहिलेलं नसल्याने त्या मुलांना बदलायचं असं काहीच नव्हतं.

पालकांचा प्रश्न

पालक विचारतात, बाहेर सगळीकडे विंडोज, मग आमच्या मुलांचं नुकसान नाही का? प्रश्न रास्त आहे. पण सहावीतलं मूल नोकरीला लागेपर्यंत दहा-बारा वर्षं जातात. तेवढ्या काळात विंडोजनेच आपलं रूप किती बदललं बघा: 2001 ची एक्सपी आणि आजची 11 शेजारी ठेवा. 2007 मध्ये वर्डचे मेन्यू जाऊन रिबन आली तेव्हा सगळं ऑफिस नव्याने शिकलं. बटण कुठे आहे हे पाठ केलेलं मूल प्रत्येक वेळी अडकतं, बटण शोधायला शिकलेलं अडकत नाही. आणि दहावीनंतर एमएस-सीआयटीला बसणार असतील तेव्हा विंडोज हाताळायला मिळतंच.

वेळापत्रकाचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कशालाही हात लावू नका. त्या दिवसांत बोर्डाची परीक्षा असते, कार्यालय वैतागलेलं असतं. लिबरऑफिस दिवाळीनंतर टाका. एप्रिलच्या शेवटी निकाल लागला की लॅबमधलं एक यंत्र तयार करा, मे महिन्यात बाकीची. जूनमध्ये शाळा भरली की पहिले दोन तास फक्त आठवी-नववीच्या मुलांना द्या, शिक्षकांना नंतर. जुलैत शिक्षक अडले की ते पोरांनाच हाक मारतील, आणि पोरं तासाला बसल्याजागी सांगतील, ‘सर, उजवीकडे क्लिक करा.’ कार्यालयाचा विषय पुढच्या मेमध्ये काढा, आणि तेव्हाही आधी प्रिंटर कुठला आहे ते बघून.